मिल्स अँड बून ‘जन्मापासून गुलाबी’? कोण म्हणतं?

व्हॉट्सॲपवर एक पोस्ट जोरात फिरतेय: ‘१९०८ साली मिल्स आणि बून यांनी फक्त बायकांसाठी प्रेमकथा छापायला कंपनी काढली. पहिल्या दिवसापासून एकच साचा, स्वस्त पेपरबॅक आणि मालक कॅनडाचे.’ यातलं साल आणि नावं तेवढी बरोबर आहेत.

‘फक्त प्रेमकथा’पासून सुरू करू. जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून दोघंही लंडनच्या मेथ्युएन प्रकाशनातून बाहेर पडलेले. मिल्स तिथे शालेय पुस्तकांचं काम बघायचे, त्यामुळे नव्या कंपनीनेही ती काढली. १९०९ चं पहिलं पुस्तक, सोफी कोलची कादंबरी, प्रेमकथाच होती; तेवढं पोस्टवाल्याला देऊन टाकू. पण पुढे? १९११ मध्ये ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या फ्रेंच भयकथेचा इंग्रजी अनुवाद, त्याच साली ह्यू वॉल्पोलची दोन शाळामास्तरांच्या वैराची कादंबरी, १९१२ मध्ये विनोदी लेखक वुडहाउस. शिवाय जॅक लंडन! आपल्या साहसकथांत बर्फात कुत्र्यांच्या झुंजी लावणारा हा गडी ‘फक्त बायकांसाठी’ कसा, ते पोस्टवाल्यानेच सांगावं.

साचा आला तो १९३० च्या दशकात, आणि तोही गिऱ्हाइकाने आणला. १९२८ मध्ये मिल्स वारले, कंपनी आधीच ओढगस्तीत होती. त्यात मंदी. पुस्तक विकत घेणं परवडेना, पण दोन पेन्सला वाचायला न्यायला काय जातंय? तंबाखूच्या दुकानातसुद्धा अशा ‘टपेनी लायब्ऱ्या’ निघाल्या. अनामत नाही, वर्गणी नाही. तिथे सगळ्यात जास्त हात फिरायचे प्रेमकथांवर. बूननी हे हेरलं आणि बाकीचा माल हळूहळू कमी केला. पुस्तकांची बांधणी तपकिरी असायची. फळीवर लांबूनच ओळखू यायची. लेखिकेचं नाव आठवलं नाही तरी बाई तपकिरी पुस्तक उचलणार, हे दुकानदारालाही ठाऊक.

पेपरबॅकचं म्हणाल, तर ही सगळी पुठ्ठा बांधणीची, लायब्रीत टिकणारी पुस्तकं. कंपनी पेपरबॅककडे वळली ती १९६० च्या सुमारास.

कॅनडाची गोष्ट तर पार उलटी. तिथल्या विनिपेग शहरातली हार्लेक्विन ही प्रकाशन कंपनी निघालीच १९४९ मध्ये. १९५७ पासून तिने मिल्स अँड बूनच्या डॉक्टर-नर्सच्या कादंबऱ्या तिकडे पुन्हा छापायला घेतल्या, त्या चालल्या, आणि १९७१ मध्ये मूळ कंपनीच विकत घेतली. चार्ल्स बून तोवर हयात नव्हते. कारभार मुलांकडे होता. आपल्याकडे भाड्याच्या लायब्ऱ्यांत गठ्ठ्याने दिसल्या त्या नंतरच्या पेपरबॅक. जॅक लंडनवाली यादी इथे बघितलीय कुणी?