माजी राजदूत आहात? बडोद्याला या!

परराष्ट्र सेवेतून निवृत्त होताय? अभिनंदन. आता आठवणी लिहीत बसू नका, ते वाचणारं कुणी उरलेलं नाही. राजकारणात या, आणि जोडीला एक कंपनी काढा.

आधी काय करू, असं विचारू नका. निवृत्तीनंतर खासगी नोकरी धरायची तर वर्षभर थांबायचा नियम आहे, पण सरकारची परवानगी मिळाली की तो आड येत नाही. निवडणुकीला तर तेवढाही अडथळा नाही. जयशंकरसाहेब जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र सचिवपदावरून उतरले, एप्रिलमध्ये टाटा सन्समध्ये गेले, मे २०१९ मध्ये मंत्री झाले आणि जुलैत आपल्याच गुजरातमधून राज्यसभेवर. पण ते दिल्लीचं झालं. तुम्ही राज्यातच राहा. इथे सरकारी बोर्ड-निगम पुष्कळ आहेत आणि पेपरवाले कमी त्रास देतात.

कंपनी सल्ल्याचीच काढा. माल ठेवायला गोडाऊन लागत नाही.

मराठी मंडळात भाषण इंग्रजीतच करा.

आता मुख्य विद्या, प्रश्न टोलवण्याची. यंदा गणपतीत दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात असेच एक माजी राजदूत पाहुणे होते. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, मग साहेब उगवले. व्हिएन्नातली हवा कशी असते ते सांगून झालं. सगळ्यांना कार्डं वाटली: एका बाजूला बोर्डाचं पद, दुसऱ्या बाजूला कंपनी, आणि ‘माजी राजदूत’ दोन्हीकडे. मी विचारलं, “साहेब, २०२४ च्या ऑगस्टमध्ये अकोटा भागात माझ्या बहिणीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. विश्वामित्री नदीचं पुढे काय?” साहेब छान हसले. म्हणाले, “ताई, फार मौलिक मुद्दा मांडलात. नोंद घेतो. सर्व संबंधितांशी संवाद सुरू आहे.”

कोण संबंधित? मगरी? त्या तर तेव्हा स्वतःहून घराच्या छपरापर्यंत आल्या होत्या संवादाला! बहिणीचा फ्रीज गेला, गाद्या गेल्या, आईच्या हातची गोधडी गेली, भिंतीवरची ओल अजून उतरत नाही, आणि हे म्हणे नोंद घेतो! कशात घेता? कार्डाच्या पाठीमागे? तिथे तर कंपनीचा नंबर आहे.

१९६१ च्या व्हिएन्ना करारात एक सोय आहे, तुम्हाला पाठच असेल. राजदूत नकोसा झाला की यजमान देश कारण न सांगता त्याला परत धाडू शकतो. आम्हाला ती सोय नाही. बोर्डावर तुम्हाला बसवताना आम्हाला कुणी विचारत नाही आणि उठवताही येत नाही.

तेव्हा सल्ले पुरे झाले. अहो, तीस-पस्तीस वर्षं सरकारचा पगार खाल्लात, पेन्शनही आमच्याच करातून घेता, आणि साधं उत्तर देताना जीभ जड होते? नदीतला गाळ किती काढला, कुठे टाकला, बिल कुणाच्या नावावर निघालं, एवढं मराठीत किंवा गुजरातीत सांगा. कागद घेऊन या. आणि आरतीच्या आधी या.