तीसपैकी सात

कागदाच्या मधोमध एक करडी रेघ, खाली उजवीकडे पोस्टाच्या तिकिटाएवढा काळा चौकोन, बाकी सगळी पांढरी जागा. फ्रेमवाल्याने ते एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेलं चित्र, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "यातलं चित्र कुठलं?" इथवर ठीक होतं. मग त्याने ड्रॉवरमधून खोडरबर काढलं. "खाली कोणीतरी पेन्सिलने गिरबटलंय. पुसून देतो. त्याचे वेगळे पैसे नाही घेणार."

मी ओरडलो. त्यामुळे शेजारी बालाजीच्या फोटोसाठी सोनेरी पट्टी निवडत असलेले एक आजोबा चष्मा सावरत पुढे आले. गणिताचे मास्तर, निवृत्त. त्यांनी कोपऱ्यातलं ७/३० वाचलं.

"तीसपैकी सात. पास व्हायला साडेदहा लागतात."

ते मार्क नाहीत, मी म्हणालो. एकाच प्लेटवरून तीस प्रती छापल्या, त्यातली ही सातवी. डावीकडे क्रमांक, उजवीकडे चित्रकाराची सही. छापणी संपली की पुष्कळदा प्लेटवर ओरखडे मारून ती बाद करतात, म्हणजे एकतिसावी निघायला नको.

"तीसच्या तीस खपल्या?"

"नाही."

"तरी बरं." त्यांनी कागद हातभर लांब धरला, वर सुती कागदावर अंगठा टेकवून. "पोराने पायऱ्या दाखवलेल्या नाहीत. नुसतं उत्तर लिहिलंय. त्याचे सात दिले असतील तर तपासणारा दयाळू म्हणायचा."

चित्रकार झरीना हाश्मी मुद्राचित्रणात, म्हणजे अशी छापून चित्रं करण्यात, येण्याआधी अलीगढला गणित शिकल्या होत्या, हे मी मुद्दाम सांगितलं. मास्तर हळहळले. "मग अशी वेळ का आली?" चित्रकार नसरीन मोहमदींची गोष्ट मी काढलीच नाही. त्या बडोद्यात बसून वर्षानुवर्षं रेघा ओढत राहिल्या आणि चित्रांना बहुधा ना नाव दिलं ना तारीख घातली. मास्तरांनी पेपरच तपासायला घेतला नसता.

क्रमांक लहान तितकी प्रत भारी, असं विकणारे सांगतात. ड्रायपॉइंटमध्ये त्यात तथ्य आहे. सुईने तांबं ओरखडताना कडेला धातूची कोर उठते, ती दर छापणीत दबत जाते, म्हणून पहिल्या प्रतींच्या रेघा दाट, मखमली येतात. एचिंगच्या छोट्या आवृत्तीत एवढा फरक पडत नाही. आणि डिजिटल प्रिंटमध्ये पहिली नि तिसावी एकाच बटणाची लेकरं. तरी तिथेही लहान आकड्याचे जास्त पैसे मागतात, त्याला काय म्हणावं!

तर फ्रेम. काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात आत दमटपणा साचून कागद काचेला चिकटतो, बुरशी धरते. म्हणून मध्ये माउंट, म्हणजे खिडकी कापलेला जाड बोर्ड, तोही आम्लमुक्त. साध्या बोर्डाची तिरकी कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते आणि तोच डाग चित्रावर उतरतो. माउंटची खिडकी प्लेटच्या ठशापासून सेंटिमीटरभर बाहेर, खाली थोडी जास्त, म्हणजे सही दिसते. चित्र चिकटवायचं नाही; जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाची खळ लावून, फक्त वरच्या कडेला. चारी बाजू आवळल्या तर दमट हवेत फुगलेल्या कागदाला पसरायला जागा उरत नाही आणि तो पापडासारखा उठतो.

हे सगळं ऐकून घेऊन फ्रेमवाला म्हणाला, "त्यापेक्षा एमडीएफवर चिकटवून लॅमिनेशन मारतो. ओल्या फडक्याने पुसता येईल." मास्तरांनी मान डोलावली. बालाजीचं तसंच करायचं ठरलं होतं.

फ्रेम मिळाली ती अशी: खोडू दिलं नाही म्हणून त्याने "गिरबट" माउंटखाली झाकलं होतं. सही दिसेना, त्यामुळे वर कुठलं, खाली कुठलं हेही त्याला कळेना, म्हणून तार खालच्या बाजूला. काळा चौकोन आता डावीकडे वर. यावर त्याला बोलायची सोय नाही. डच चित्रकार मॉन्ड्रियानचं १९४१चं 'न्यूयॉर्क सिटी १' अनेक दशकं बहुधा उलटंच टांगलेलं आहे, असं २०२२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातूनच सांगण्यात आलं. तरी ते फिरवलं नाही, कारण ते रंगीत चिकटपट्ट्यांचं आहे आणि त्या सुटून आल्या असत्या.

माझ्या फ्रेमवाल्याच्या सुटत नाहीत. मागचा हार्डबोर्ड काढला तर आत ब्राऊन टेप, चारी बाजूंनी, थेट सुती कागदावर. ओढला तर कागदाचा पापुद्रा निघतो. ठेवला तर डिंक झिरपून समोर डाग येतो. तो नीट काढणारे जाणकार आहेत, पण ते घेतील तेवढ्यात मला आठवी नि नववी प्रतही मिळेल. फ्रेमवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, पुढून काही दिसत नाही म्हणता, मग मागून कोण बघणार?" आणि फ्रेम उघडून परत बसवायचे पैसे वेगळे लावले.