स्कलक्लॅम्प का काढलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मॅजिक या कार्डांच्या खेळाचा माझा एक क्यूब आहे, म्हणजे ड्राफ्टसाठी स्वतः निवडलेला कार्डांचा साठा (ड्राफ्टमध्ये पॅक हातोहात फिरवत, एकेक कार्ड उचलत डेक बांधायचा). त्यातून स्कलक्लॅम्प हे कार्ड मी का काढलं, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. कार्डाची ताकद जगभरच्या याद्यांवरून ठरवावी, माझ्या चौघांच्या खेळावरून नव्हे, असं आपलं म्हणणं. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर भाषा जरा वेगळी झाली असती, म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

आधी माझं चुकलं ते. मॅजिकच्या स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडच्या संचांची कार्डं चालणारा स्पर्धाप्रकार) स्कलक्लॅम्पवर २००५ मध्ये बंदी आली असं मी लिहिलं होतं. २००४ हेच बरोबर. डार्कस्टील संच आला त्याच वर्षी कार्ड बाद झालं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. (‘निदान साल तरी बघून लिहावं’ यातला ‘निदान’ वगळला असता तरी मुद्दा पोचला असता.)

आता आपलं ते वाक्य. ‘चार ओळखीच्या लोकांत खेळून कार्डाची ताकद ठरवायची म्हणजे आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा.’ वाक्य झकास जमलंय. लिहून झाल्यावर आपण ते दोनदा वाचलं असणार, मी असतो तर वाचलं असतं. पण क्यूब म्हणजे दुसरं काय असतं? ३६० कार्डं मीच निवडली. कोणत्या रंगात छोटी क्रीचर्स (लढणारी कार्डं) जास्त, रिमूव्हल (समोरच्याची क्रीचर्स काढून टाकणारी कार्डं) किती, डाव साधारण कितव्या टर्नला संपावा, सगळं मीच ठरवलं. पेपर माझाच आहे. त्यातला प्रश्न अवघड की सोपा, हे दुसऱ्या कुणाच्या पेपरावरून कसं ठरवणार?

स्कलक्लॅम्पचंच बघा. एका मानाचं (माना म्हणजे कार्ड खेळायला मोजायची ऊर्जा) कार्ड, क्रीचरवर चढवायला आणखी एक माना. क्रीचरला +१/-१ मिळतं (फटका एकने वाढतो, जीव एकने घटतो) आणि ते मेलं की तुम्ही दोन कार्डं ओढता. तीन-तीनची, चार-चारची क्रीचर्स भरलेल्या क्यूबमध्ये हे बरं कार्ड आहे, त्याहून जास्त काही नाही. क्रीचर लढाईत मरेल तेव्हा फायदा, तोवर वाट बघा. माझ्या क्यूबमध्ये मात्र पांढरा आणि काळा हे दोन्ही रंग टोकनांवर (दुसऱ्या कार्डांतून निर्माण होणाऱ्या छोट्या क्रीचर्सवर) उभे आहेत. एक-एकच्या टोकनाला ते चढवलं की टोकन जागच्या जागी मरतं. म्हणजे एका मानात दोन कार्डं, आणि टोकनं असतील तितक्या वेळा. समोरचा काय करणार? कार्डावरचा मजकूर दोन्हीकडे अक्षरशः सारखाच आहे.

हे काही माझं खूळ नाही. १९९३ च्या पहिल्या संचातली ती पाच कार्डं आठवा, एक माना देऊन कशाचे तरी तीन मिळणारी. लाइटनिंग बोल्ट तीनचा फटका देतं, जायंट ग्रोथ +३/+३, डार्क रिच्युअल तीन काळे माना, हीलिंग साल्व्ह तीन लाइफ, अँसेस्ट्रल रिकॉल तीन कार्डं. कागदावर हिशोब एकच. त्यातलं अँसेस्ट्रल आज पॉवर नाइनमध्ये (सर्वांत जोरदार मानल्या जाणाऱ्या नऊ जुन्या कार्डांत) बसलंय आणि साल्व्ह फुकट दिलं तरी कुणी डेकात घालत नाही. मधलं डार्क रिच्युअल मला सगळ्यात आवडतं, कारण त्याला स्वतःची अशी किंमतच नाही. क्यूबमध्ये स्टॉर्म (एका टर्नमध्ये जितकी जास्त कार्डं खेळाल तितका परिणाम वाढवणारी कार्डं) असेल तर त्यासाठी लोक पहिला पिक खर्च करतात. नसेल तर ते पॅकमध्ये शेवटपर्यंत फिरत राहतं आणि ज्याच्या हाती पंधरावं येतं तो तोंड वाकडं करतो. यादीत त्याला दहापैकी किती गुण द्यायचे, सांगा बरं.

‘अनुभव’ हा शब्द आपण अवतरणात टाकलात, म्हणून थोडं स्वतःबद्दल. गेली सोळा वर्षं मी ड्राफ्ट खेळतोय आणि हा माझा तिसरा क्यूब आहे. पहिला मी अगदी आपण सांगता तसा बांधला होता: जगभर नावाजलेलीच कार्डं, प्रत्येक जागी त्या रंगातलं सर्वांत जोरदार. दिसायला देखणा. खेळायला बसलो तर लोक दोन मानाची क्रीचर्स घ्यायलाच तयार नाहीत, कारण चौथ्या टर्नला समोरचा रॅथ ऑफ गॉड टाकून टेबल साफ करणार हे सगळ्यांना ठाऊक. ॲग्रो (सुरुवातीपासून वेगाने हल्ला) खेळणारा एक जण होता, तो तिसऱ्या ड्राफ्टनंतर यायचाच बंद झाला. एकही कार्ड कमकुवत नव्हतं आणि क्यूब मेलेला होता. तेव्हापासून मी वही ठेवतो. कोणी काय उचललं, मुख्य डेकात काय गेलं, कोण जिंकलं, सगळं. तुमच्याकडे अशी वही आहे का, हे विचारलं तर राग मानू नका.

त्या वहीत बावीस ड्राफ्ट आहेत. चौघांत प्रत्येकी ४५, म्हणजे १८० कार्डं टेबलावर येतात आणि अर्धा क्यूब पेटीतच राहतो. हा हिशोब तुम्ही मला समजावून सांगितलात. तो मीच मूळ लेखात दिला होता, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथवर वाचलं असतं तर दोघांचाही वेळ वाचला असता. तर बावीसपैकी बारा वेळा स्कलक्लॅम्प पॅकमध्ये आलं, नऊ वेळा कुणाच्या तरी डेकात गेलं आणि त्यातल्या सात वेळा तोच माणूस ड्राफ्ट जिंकला. (त्या सातांपैकी पाच वेळा तो माणूस मी होतो, पण तो मुद्दा वेगळा.)

‘नऊ डेक म्हणजे नमुना नव्हे’ हे खरं असेलही. पण घरचा क्यूब आहे, हजारो डाव होईपर्यंत थांबलो तर कार्डांची स्लीव्ह झिजतील. लवकर उचललं जाणारं कार्ड आणि जिंकून देणारं कार्ड यांत फरक असतो, हेही माहीत आहे. त्यावर कधीतरी लिहीन. लाल रंगाबद्दलचं आपलं म्हणणं मला नीट कळलं नाही, आणि लिहिण्याचा सूर बघता पुन्हा विचारावंसंही वाटत नाही.

एक मात्र सांगतो. स्कलक्लॅम्प ठेवून टोकनं कमी करता आली असती, असं आपण जाता जाता म्हणालात. सबंध प्रतिक्रियेत तेवढी एक ओळ माझ्या कामाची होती. आधी तीच लिहिली असतीत तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं. मी ते करून पाहिलेलं नाही. पुढच्या बैठकीला काळ्यातली सहा टोकनवाली कार्डं काढून बघतो. तोवर स्कलक्लॅम्प पेटीतच राहील.