शापिरो असते तरी बेरीज जमली नसती

अमेरिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. उपाध्यक्षपदाचा माणूस नीट निवडला की निम्मी लढाई तिथेच जिंकली आणि निवड चुकली की सगळं मुसळ केरात. पुरावे तेच तीन : १९६० मध्ये जॉन्सननी केनेडींना आपलं टेक्सस राज्य आणि त्यासोबत अध्यक्षपद मिळवून दिलं, २००८ मध्ये सॅरा पेलिननी मॅकेनना बुडवलं, आणि २०२४ मध्ये जॉश शापिरोंना डावलून टिम वॉल्झना घेतल्यामुळे कमला हॅरिस हरल्या. ऐकायला पटतं. आकडे काढून बसलं की पटेनासं होतं.

ताजं उदाहरण आधी. शापिरो पेनसिल्व्हेनियाचे लोकप्रिय गव्हर्नर, आणि हॅरिसनी ते राज्य सुमारे १ लाख २० हजार मतांनी गमावलं. इथवर ठीक. पण अध्यक्ष ठरतो तो इलेक्टोरल मतांवर, म्हणजे प्रत्येक राज्याला नेमून दिलेल्या मतांवर, आणि बहुतेक राज्यांत ती सगळी तिथे जिंकणाऱ्यालाच जातात. हॅरिसना देशभरात मिळालेली इलेक्टोरल मतं होती २२६. पेनसिल्व्हेनियाची १९ त्यात टाका, होतात २४५. जिंकायला लागतात २७०. म्हणजे शापिरोंनी स्वतःचं राज्य तर आणायला हवंच होतं, शिवाय मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १० मतंही ओढून आणायला हवी होती, तेव्हा कुठे काटा कसाबसा २७० वर टेकला असता. पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर तिकिटावर आहे म्हणून विस्कॉन्सिनचा मतदार मत फिरवतो, असं मानायला आधार काय? महागाईवर चिडलेल्या मतदारांनी सातही स्विंग राज्यं, म्हणजे कधी इकडे कधी तिकडे झुकणारी राज्यं, ट्रम्प यांच्या पदरात टाकली होती. आणि वॉल्झ यांचं घरचं मैदान बघा : मिनेसोटात २०२० मध्ये बायडन साधारण ७ टक्क्यांनी पुढे होते, २०२४ मध्ये तिथलाच गव्हर्नर सोबत असताना ही आघाडी ४ टक्क्यांच्या आसपास आली.

आता १९६०. हे त्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण आहे, ते उडवून लावणार नाही. टेक्ससने १९५२ आणि १९५६ असं दोनदा आयझेनहॉवरना निवडलं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या कॅथलिक केनेडींनी ते जेमतेम ४६ हजार मतांनी जिंकलं. जॉन्सन नसते तर ते गेलं असतं, हे मी मान्य करायला तयार आहे. पण केनेडींकडे इलेक्टोरल मतं होती ३०३. टेक्ससची २४ वजा केली तरी २७९ उरतात आणि तेव्हा बहुमत होतं २६९. दक्षिणेतली आणखी एक-दोन राज्यंही जॉन्सनमुळेच टिकली, असं कोणी म्हटलं तर ते खोडता येत नाही, सिद्धही करता येत नाही. एकट्या टेक्ससच्या जोरावर अध्यक्षपद आलं, हे मात्र चूक.

हाच डाव २८ वर्षांनी पुन्हा मांडला गेला, त्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्याच डुकाकिसनी टेक्ससचेच सिनेटर लॉइड बेंट्सन सोबत घेतले. टेक्ससमध्ये सिनेट आणि उपाध्यक्षपद दोन्ही एकाच वेळी लढवायची मुभा आहे, ती सोय १९६० पूर्वी जॉन्सनसाठीच करून घेतली गेली होती. त्यामुळे टेक्ससच्या मतपत्रिकेवर बेंट्सन दोन ठिकाणी होते. सिनेटसाठी त्यांना जवळपास ५९ टक्के मतं पडली. त्याच दिवशी, त्याच मतदारांकडून डुकाकिस-बेंट्सन जोडीला पडली ४३ टक्क्यांच्या घरात. माणूस आवडता होता, लोकांनी त्याला सिनेटवर पाठवलं आणि अध्यक्षपदासाठी बुशना मत दिलं. वादसभेत याच बेंट्सननी बुश यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार डॅन क्वेल यांना ‘तुम्ही जॅक केनेडी नाही’ म्हणून गप्प केलं होतं. क्वेल यांची देशभर टिंगल झाली. निकाल : बुश-क्वेल यांना ४० राज्यं.

पेलिन यांच्याबद्दल फार लिहायला नको. त्यांच्या निवडीनंतर आणि पक्षाच्या अधिवेशनानंतर, सप्टेंबरच्या सुरुवातीला मॅकेन अनेक चाचण्यांत पुढे सरकले होते. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बडी बँक कोसळली, आर्थिक संकट आलं आणि वारं फिरलं. पेलिननी दोन टक्के मतं घालवली असं धरून चाललो, तरी ओबामा जिंकले सुमारे ७ टक्क्यांनी.

‘निदान आपलं राज्य तरी आणतो’ हा शेवटचा बचाव. उपाध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या एडवर्ड्सना २००४ मध्ये आपलं नॉर्थ कॅरोलायना आणता आलं नाही, तसंच पॉल रायनना २०१२ मध्ये आपलं विस्कॉन्सिन नाही. गोर तर २००० मध्ये स्वतः अध्यक्षपदाला उभे असताना आपलं टेनेसी हरले, आणि तेवढी ११ मतं मिळाली असती तर ज्या फ्लोरिडाच्या वादग्रस्त मोजणीवर निकाल अडकला, ती गेली असती खड्ड्यात! क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कॉपको या अभ्यासकांनी हा घरच्या राज्याचा फायदा तपासला, त्यांनाही तो सरासरीत नगण्यच दिसला. निवडीवरून मतदार मुख्य उमेदवाराची पारख करतात, एवढा अप्रत्यक्ष परिणाम ते मानतात.

खरा परिणाम दिसतो तो पुढच्या निवडणुकांत. निक्सन, हम्फ्री, मॉन्डेल, थोरले बुश, गोर, बायडन हे सगळे आधी कोणाचे तरी उपाध्यक्ष होते, मग पक्षाचे उमेदवार झाले. २०२४ चं बोलायचं तर बायडननी ऑगस्ट २०२० मध्ये हॅरिसना निवडलं, तो निर्णय वॉल्झ यांच्या निवडीपेक्षा कितीतरी जड ठरला. २१ जुलै २०२४ ला बायडननी माघार घेतली तेव्हा प्रचाराचं खातं दोघांच्या नावावर होतं. तो पैसा सरळ हॅरिस यांच्या प्रचाराला वापरता आला. दुसऱ्या कुणा इच्छुकाला ती सोय नव्हती.