‘ऑपरेशन झालं, आता कामाला लावा’ या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘डोक्याची नस फुटलेल्या माणसाचं ऑपरेशन झालं की महिनाभरात तो पहिल्यासारखा होतो. नंतरचा थकवा म्हणजे आळस. त्याला कामाला लावा, माणसांत बसवा, जुनं आठवायला लावा. गोळ्यांनी मेंदू सुन्न होतो, लवकर बंद करा.’ खाली जोडलेले हात. आमच्या मोठ्या वहिनी याच आजारातून उठताहेत, म्हणून हे उत्तर.

महिनाभराचं आधी. मेंदूतल्या धमनीची भिंत कमजोर होऊन तिथे फुगा येतो, तो फुटून रक्त सांडतं, त्यालाच आपण ‘नस फुटली’ म्हणतो. कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला चिमटा, म्हणजे क्लिप, लावा, नाहीतर मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून फुग्यात बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, टाका. त्याने धमनीचा फुगा बंद होतो, पुन्हा फुटण्याचा धोका बराचसा टळतो. पण आधीच सांडलेल्या रक्तामुळे मेंदूला बसलेला मार त्याने भरून निघत नाही. त्याला महिने लागतात, कुणाला वर्ष-दीड वर्ष. काही उणं कायमचंही राहतं.

आता तो ‘आळस’. वहिनी सकाळी कळण्याच्या भाकरी थापतात, हसून बोलतात. पण कुकरची शिट्टी, टीव्ही आणि पोरांची भांडणं एकदम सुरू झाली की पिठाचे हात तसेच, भिंतीकडे तोंड करून बसतात. हाक मारली तर खेकसतात. पाहणारा म्हणतो, लाडावली. दहा आवाजांतून कामाचा एक आवाज निवडणं आपला मेंदू आपसूक करतो, जखमी मेंदूला तेवढ्यासाठी राबावं लागतं. मग टीव्ही बंद करावा, एका वेळी एकानेच बोलावं, अवघड कामं सकाळी उरकावीत, दुपारी पडू द्यावं. मे महिन्यात पारा ४५ कडे सरकला की आपण धडधाकट माणसं दुपारी आडवी होतो, ते मात्र आळसात मोजत नाही! हाताला काम हवं हे खरं, फक्त किती ते त्यांच्या दमाने आणि डॉक्टरांच्या सांगण्याने ठरावं.

माणसांत बसवण्याची आपल्याकडे वेगळी सोय लागत नाही, गाडी भरून येतातच. आल्या आल्या परीक्षा: ‘माले वळखस का वं माय?’ नाव चुकलं की सगळे हसतात, आणि वहिनी दिवसभर बोलत नाहीत. त्यापेक्षा आपलं नाव-गाव आधी सांगा, दहा मिनिटं बसा, उठा. चहाचा आग्रह मोडा. येताना डबा आणलात तर दादांना, म्हणजे ज्यांची झोप गेलीय त्यांना, एक वेळ चुलीपासून सुटका. आणि विडी ओट्यावरही नको, फुगा होण्याफुटण्यामागे धूम्रपान हे मोठं कारण आहे.

गोळ्यांचा सल्ला सरळ धोक्याचा. रक्त सांडल्यावर मेंदूला रक्त कमी पडून होणारं नुकसान टाळायला दिली जाणारी निमोडिपिन ही गोळी साधारण २१ दिवसच देतात, ती डॉक्टरच थांबवतात. पण फिटची गोळी मनाने सोडली तर फिट येऊ शकते, बीपीची सोडली तर बीपी चढतं, आणि स्टेंट (धमनीत बसवलेली बारीक जाळी) टाकलेल्याने रक्त पातळ करणारी सोडली तर आत गुठळी होऊ शकते. सुस्ती येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलतील.

मेसेजमध्ये नसलेलं एक: अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, फिट, एका बाजूची शक्ती जाणं किंवा गुंगी वाढत जाणं, यातलं काहीही दिसलं तर डोक्याला तेल चोळत बसू नका, १०८ लावा.