ब्लू मून, दळण आणि आमची लिफ्ट

परवा आमची लिफ्ट परत अडकली. तिसऱ्या-चौथ्याच्या मधे, पंखा बंद, आत मी, गहू दळून आणलेली पिशवी आणि पाचव्या मजल्यावरचे काका. सेक्रेटरींना फोन लावला तर म्हणे, "अहो, होतं असं वन्स इन अ ब्लू मून, पॅनिक होऊ नका."

काकांनी फोनच ओढून घेतला. मला वाटलं आता झापतील. कसलं काय. "ब्लू मून कधी असतो माहितीये का तुम्हाला?" तिकडून फोन कट. मग ऐकायला उरलो मी, आणि जाणार कुठे?

"हे बघ, पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस. एका इंग्रजी महिन्यात दोन बसल्या की दुसरी ती ब्लू मून. ३१ ऑगस्ट २०२३ ला होती, त्यानंतर डायरेक्ट ३१ मे २०२६. आता गंमत बघ, २०२३ ला अधिक श्रावण, २०२६ ला अधिक ज्येष्ठ! चांद्र वर्ष अकरा दिवसांनी तोकडं पडतं ना, त्याचाच हा सगळा हिशोब."

"काका, ती बेल दाबा ना."

"दाबतोय रे. आणि रंग निळा नसतो हां. १८८३ ला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा राखेमुळे चंद्र खरंच निळा दिसलेला, पण ते वेगळं."

मग अधिकमासावरून गाडी धोंड्याच्या जेवणावर. जावयाला तेहतीस अनारसे दिले, तर त्याला निघाली शुगर, सगळे विहीणबाईंनी खाल्ले म्हणे, आणि हा राग काकांच्या मनात अजून ताजा. खालून वॉचमन ओरडतोय, "साहेब, घाबरू नका!" घाबरलं कोण होतं, मी फक्त घामाने निथळत अनारसे ऐकत होतो.

पण काकांचं म्हणणं खरंय, ब्लू मूनला निदान तारीख तरी असते, अडीच-पावणेतीन वर्षं वाट बघायला लागते. आमची लिफ्ट दर अमावस्या-पौर्णिमेला बंद, पाणी बंद झालं तरी हेच वाक्य, गेटचा लाइट गेला तरी हेच. मेंटेनन्स मात्र एक दिवस लेट झाला की व्याज लागतं, तेव्हा कुठला चंद्र आड येत नाही.

शेवटी टेक्निशियन आला, दार उघडलं, आणि माझ्या पिशवीकडे बघून विचारतो काय, "वजन जास्त झालं होतं का, साहेब?" पाच किलो गहू! रात्री ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज: सभासदांनी लिफ्टमधून जड सामान नेऊ नये.

खाली काकांचा अंगठा.