चेटकीण कधी येणार?

गेल्या शनिवारी मेव्हण्याकडे 'द विच' हा भयपट पाहिला. म्हणजे, लावला होता. तेव्हापासून वाटतंय, असा सिनेमा चारचौघांत कसा पाहावा याचं ज्ञान एकट्याकडे ठेवणं बरं नाही.

तर आधी ट्यूबलाइट लावा. दिग्दर्शक रॉबर्ट एगर्सने रात्रीचे घरातले प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात टिपलेत, म्हणून काय आपण अंधारात बसायचं? "प्रिंट खराब आहे" म्हणा आणि ब्राइटनेस शंभरावर न्या.

बोकड दिसला की "मटण!" म्हणायचं. दर वेळी.

मधूनमधून इतिहास सांगा. "हे ते सेलमचं!" अमेरिकेत न्यू इंग्लंडमधल्या सेलमचे चेटकिणींवरचे खटले १६९२चे आणि ही गोष्ट न्यू इंग्लंडमधलीच, पण १६३०च्या दशकातली. साठेक वर्षांनी काय बिघडतं?

दर पाच मिनिटांनी विचारा, "चेटकीण कधी येणार?" ती पहिल्या पंधरा मिनिटांतच तान्हं बाळ उचलून गेलेली असते. तुम्ही तेव्हा चार्जर शोधत होतात.

आणि रिमोट स्वतःच्याच हातात ठेवा. माणसं नुसती बोलायला लागली की दहा सेकंद पुढे. प्रार्थना? पुढे. चांदीचा पेला? पुढे, पुढे! काय ठेवलंय त्या पेल्यात? धर्मावरून वस्तीशी भांडून बाहेर पडलेलं कुटुंब, रानाच्या कडेला घर, शेतातला मका सडलेला. बापाने बायकोचा चांदीचा पेला परस्पर मोडून शिकारीचे सापळे घेतलेत. आई संशय घेते थोरल्या पोरीवर, थॉमसिनवर. बाप तिथेच बसलाय. वस्तीसमोर देवाच्या नावाने एवढा ताठ उभा राहिलेला हा माणूस, पण "पेला मी मोडला" एवढे तीन शब्द त्या वेळी त्याच्या तोंडून निघत नाहीत. अहो, अंगावर काटा तिथे येतो! त्या घरात चेटकिणीला दार कुणी उघडलं ते तिथे कळतं! आणि आमच्या मेव्हण्याने नेमकं तेच दहा-दहा करत उडवलं. शेवटी जांभई देऊन म्हणाला, "काही घडतच नाही रे यात."

घडेल कसं? घडलेलं सगळं तू उडवलंस!

"तुझ्या आवडीचं लाव" म्हणून घरी बोलावता कशाला? नसेल झेपत तर तसं सांगा, कॅरम मांडू. जेमतेम दीड तासाचा सिनेमा. तेवढा वेळ फोन पालथा ठेवून गप्प बसता येत नाही? नसेल येत, तर उठा आणि आत जाऊन झोपा. रिमोट तेवढा इथे ठेवून जा.